‘नाक’ कुणी काढलं?

२ मार्च, सोमवार

बारके,

तू माझा नंबर बंद केलायस, म्हणून कागदावर लिहितेय. ऑफिसच्या मेलवरून लिहिता आलं असतं, पण तिथलं मेल आणखी कोण कोण वाचतं हे आम्हालाच नीट माहीत नाही. पत्र दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी आलं असतं तर पाकिटावरचं अक्षर बघूनच तू ते केराच्या डब्यात टाकलं असतंस.

तुझ्या दादाला यातलं काही सांगितलेलं नाही. त्याला वाटतं, नणंद-भावजयीचं भांडण आहे, दोन आठवड्यांत विरघळेल. काल म्हणाला, “तुम्हा दोघींची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलीय. धक्के मारू नका, आपोआप खाली येईल.” लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला दुसरं काही सुचतच नाही. मी हसले. 

त्या शनिवारी तू आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून विचारलंस, “वहिनी, तू ॲप स्टोअरच्या कंपनीतच कामाला आहेस ना? मग आमचं ‘नाक’ कुणी काढलं?” मी म्हणाले, “अगं, तो विभागच वेगळा.” तू म्हणालीस, निदान कुणाला विचारायचं तेवढं तरी सांग. मी म्हणाले, नियमात बसत नाही. तू कप तसाच ओट्यावर ठेवलास आणि चपला हातात घेऊनच जिना उतरलीस.

आता माझी बाजू ऐक.

कारखान्याच्या भिंतीला लागून राहणारी माणसं तुझ्या श्वास तपासायच्या मशीनच्या नळीत फुंकताना अर्ध्यातच थांबतात, हे तू वर्षानुवर्षं बघितलंस. म्हणून तू आणि तुमच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवाल्याने ते ॲप केलंत. वास आला की बटण दाबायचं: सडक्या अंड्यांचा, क्लोरीनचा, जळक्या रबराचा. दहा मिनिटांत पाच जणांनी दाबलं की सगळ्या वसाहतीच्या फोनवर घंटा. तू म्हणालीस नाव ‘नाक’ ठेवतोय, तेव्हा सगळ्यात आधी मीच हसले होते. कारखान्याच्या नाकाला मिरच्या झोंबणार, हे तेव्हाच दिसत होतं.

पण तीन फेब्रुवारीला काय झालं, तेही बघ. त्या दिवशी कारखान्यातून काहीच सुटलं नव्हतं. शाळेमागचं गटार उपसत होते. पाच जणांना वास आला, पाच जणांनी बटण दाबलं, शिक्षकांच्या फोनवर घंटा वाजली आणि सगळी शाळा एका जिन्यावर आली. नऊ वर्षांची एक मुलगी गर्दीच्या पायांखाली सापडली. मांडीचं हाड मोडलं. तू तिला बघायला गेलीस आणि तिच्या आईने तुला दारातूनच परत पाठवलं, हे मला दादाकडून कळलं.

एवढं झाल्यावर कुणी म्हणालं की हे आता थांबवा, तर तो लगेच कारखान्याच्या खिशातला माणूस ठरतो का? तू पेपरात ‘मुस्कटदाबी’ म्हणालीस. मग टीव्हीवर चार माणसं चार चौकटींतून भांडली. एक म्हणाला, अफवेला स्वातंत्र्य म्हणायचं का? दुसरा म्हणाला, उद्या वास घ्यायलाही परवाना लागेल. त्या मुलीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. तुझ्या दम लागणाऱ्या माणसांबद्दलही नाही.

ॲप काढायचं, लोकांच्या फोनवरूनही, हे वरून ठरलं. आमच्या मजल्यावर निर्णय फक्त येतात. मला एवढंच माहीत आहे.

राग धर. पण बोलणं टाकू नकोस.

वहिनी

२० मार्च, शुक्रवार

बारके,

काल दुपारी मी तुमच्या दवाखान्यात आले होते. तू मला पाहिलं नाहीस. पहिल्या मजल्यावर कॉरिडॉरमध्ये दोन्ही बाजूंना माणसं बसली होती, काही फरशीवरच, सगळ्यांचे डोळे लाल, तोंडाला ओली फडकी. तू एका म्हाताऱ्या बाईच्या पाठीवर हात ठेवून तिला श्वास मोजायला लावत होतीस. “एक म्हणा, सोडा. दोन म्हणा, सोडा.” तुझा स्वतःचा आवाज बसला होता. मी काचेच्या दाराबाहेर दहाएक मिनिटं उभी राहिले आणि परत गेले. आत येऊन काय म्हणणार होते?

त्रेसष्ट माणसं, असं बातम्यांत सांगितलं. भिंतीसमोरच्या दुकानातला शिंपी गेला, तेही सांगितलं. कारखान्यातली टाकी काल सकाळी पावणेअकराला फुटली. पण कॉरिडॉरमध्ये एक बाई दुसरीला सांगत होती, ते मी कानांनी ऐकलं. “वास सव्वादहापासूनच होता गं. मी फोन काढला, बटण शोधलं. मग आठवलं, ते तर बंद झालंय.”

अर्धा तास, बारके.

आज सकाळी आमच्या मजल्यावर सगळे खाली मान घालून काम करत होते. फोन लॉकरमध्ये ठेवूनच आत जायचं असतं, त्यामुळे बातम्या कुणी उघड बघू शकत नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. एका ॲपला चार मिनिटं, डाव्या बाजूला ॲप, उजव्या बाजूला नियम, असं आमचं काम चालतं. मी एका लहान मुलांच्या रंग भरायच्या खेळाकडे वीस मिनिटं नुसती बघत बसले.

मधल्या सुट्टीत कंपनीचं निवेदन आलं. तू वाचलंच असशील. “तीन फेब्रुवारीच्या दुर्घटनेनंतर सूचना देऊनही संबंधितांनी ॲपमध्ये सुधारणा केली नाही.”

मागच्या पत्रात मी लिहिलं की मला फारसं काही माहीत नाही. ते खरं नाही. विभाग वेगळा नाही. ‘नाक’ आमच्याच मजल्यावरून गेलं, आमच्याच टीमने काढलं, आणि त्या दिवशी मी कामावर होते. तुला स्वयंपाकघरात हे सांगायला हवं होतं.

बटण कुणाच्या हाताने दाबलं गेलं, ते आज विचारू नकोस.

वहिनी

११ एप्रिल, शनिवार

बारके,

तू कोर्टात गेलीस हे मला दादाच्या आधी कळलं. काल कंपनीच्या वकिलांनी मला बोलावलं होतं. काचेची खोली, टेबलावर पाण्याचा एकच ग्लास, तो माझ्यासाठी. शेजारी आमच्या प्रमुख बाई. त्यांच्या साडीला कधी चुणी नसते आणि बोलण्यालाही नसते. वकिलांनी दोन पानं माझ्यापुढे सरकवली. माझ्या नावाचं प्रतिज्ञापत्र, आधीच टाइप केलेलं. ‘मी असे सांगते की, सूचना देऊनही सुधारणा प्राप्त झाली नाही, सबब नियमानुसार ॲप काढण्यात आले.’

“सोमवारी सही करायची,” बाई म्हणाल्या. “नोंदीत तुझंच नाव आहे, म्हणून तूच.”

आता तुला सगळं सांगते. एका दमात लिहितेय, परत वाचणार नाही. वाचलं तर पाठवायची नाही.

अकरा फेब्रुवारीला सकाळी साडेअकराच्या सुमारास बाई फोन कानाला लावून माझ्या टेबलाशी आल्या. पलीकडे कोण होतं ते माहीत नाही. “हो साहेब, आत्ताच,” एवढंच ऐकू आलं. फोनवर हात ठेवून मला म्हणाल्या, “ते वासाचं ॲप काढ.”

मी विचारलं, “लेखी आदेश आलाय?”

“येईल.”

“मग कारण काय टाकू?”

“यादीत सात कारणं आहेत. त्यातलं जवळचं निवड.”

आमच्याकडे ॲप काढलं की कारण निवडावंच लागतं, रकाना रिकामा सोडता येत नाही. मी चौथं निवडलं. ‘सूचना देऊनही सुधारणा नाही.’ आणि बटण दाबलं. माझ्या हाताने.

पण तुमची सुधारणा आली होती, बारके. नऊ तारखेलाच आली होती. माझ्याच यादीत होती, आणि मी ती वाचलीही होती. पाचऐवजी पंधरा जणांनी दाबल्याशिवाय घंटा नाही. शाळेच्या वेळेत आधी शाळेच्या कार्यालयाला संदेश, मग बाकीच्यांना. आणि खाली टिपणात लिहिलं होतं, “तीन तारखेला एक मुलगी जखमी झाली. चूक आमची आहे. पुन्हा होऊ नये म्हणून हे बदल.” कॉम्प्युटरवाला असं लिहीत नाही. ते तुझं वाक्य होतं. अकरा तारखेलाच दुपारी मी ती मंजूर करणार होते.

मग तोंड का उघडलं नाही? बाईंना म्हणायचं होतं, थांबा, सुधारणा आलीय, ही बघा. चार सेकंदांचं काम.

खरं सांगते. दोन वर्षांपूर्वी ‘नाक’ पहिल्यांदा आलं, तेव्हा ते माझ्याच यादीत आलं होतं. घरच्या माणसाचं ॲप आलं तर लगेच कळवायचं आणि बाजूला व्हायचं, असा आमचा कडक नियम आहे. मी कळवलं नाही. मला वाटलं, दुसऱ्या कुणाकडे गेलं तर तो नाव बघून हसेल आणि परत पाठवेल. मीच मंजूर केलं. तुला पेढ्यासारखी गोड बातमी आली, ती माझ्या टेबलावरून आली होती. आता मी तुमच्या बाजूने एक शब्द जरी बोलले असते, तर बाईंनी विचारलं असतं, तुला त्याचा एवढा पुळका का? मग नातं निघालं असतं, आणि माझी नोकरी गेली असती. म्हणून मी तोंडात मिठाची गुळणी धरली. एवढंच आहे. कुणी धमकी दिली नाही, कुणी लालूच दाखवली नाही. मी घाबरले.

माझ्याकडे पुरावा नाही. आतलं काही बाहेर नेता येत नाही, आणि आता त्या नोंदी बघायची माझी परवानगीही काढून घेतलीय. पण सुधारणा पाठवली की पाठवणाऱ्याला पोच जाते. नऊ फेब्रुवारी, दुपारनंतर, कॉम्प्युटरवाल्याच्या मेलवर. त्यात बारा आकडी क्रमांक असतो. ती त्याने पुसली नसेल तर आजच छापून तुझ्या वकिलांना दे. हे पत्रही दे.

सोमवारी मी सही करणार नाही. हे लिहून ठेवते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

वहिनी

२९ एप्रिल, बुधवार

बारके,

काल कोर्टात तू तीन हात अंतरावर बसली होतीस आणि आपण एकमेकींशी एक शब्द बोललो नाही. म्हणून जे तिथे सांगता आलं नाही ते इथे.

तेरा तारखेला मी सही केली नाही. बाईंनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, “विचार कर, तुझ्याही फाइलमध्ये काही गोष्टी निघतील.” म्हणजे त्यांनी नातं शोधून काढलं होतं. चौदाला सकाळी गेटवर कार्ड लावलं, दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा लावलं. मागे रांग लागली. रोज माझ्याशी गप्पा मारणारा पहारेकरी जमिनीकडे बघत म्हणाला, “मॅडम, बाजूला व्हा ना.” माझा डबा, स्वेटर आणि टेबलावरचं कुंडीतलं रोप दुपारी एका खोक्यातून घरी आलं.

खोकं दादाने उघडलं. मग त्याला सगळं सांगावंच लागलं. त्याने खोक्यातलं रोप उचलून खिडकीत नेऊन ठेवलं. शेवटी एकच विचारलं, “ती स्वयंपाकघरात विचारत होती, तेव्हाही तुला माहीत होतं?” मी हो म्हणाले. तो हत्यारांची पेटी उचलून कामावर गेला. दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “साक्षीला मी येतो. पण तुझ्या शेजारी बसणार नाही, बहिणीच्या शेजारी बसणार.” तो तसाच बसला, तू पाहिलंस.

पिंजऱ्यात उभी असताना मला कंपनीच्या वकिलांच्या बुटांखेरीज काही दिसत नव्हतं.

“तुम्ही अर्जदारांच्या भावजय, बरोबर?”

“हो.”

“ॲप पहिल्यांदा मंजूर करताना हे नातं कंपनीपासून लपवलंत?”

“हो.”

“काढताना नोंदीत खोटं कारण लिहिलंत, असं तुमचंच म्हणणं आहे?”

“हो.”

“दोनदा खोटं वागलेली बाई आज खरं बोलतेय, हे न्यायालयाने कशावरून मानायचं?”

तुझ्या वकिलांनी माझ्याकडून याचं उत्तर पाठ करून घेतलं होतं. ते मला आठवलंच नाही. मी म्हणाले, “दोन्ही वेळा खोटं वागल्यामुळे माझी नोकरी राहिली. आज खरं बोलून ती गेली. माझ्याकडे एवढंच आहे.”

मग न्यायाधीशांनी स्वतः विचारलं, की सुधारणा आलीच नसती तर तुम्ही ॲप काढलं असतं का. तुझे वकील डोळ्यांनी मला नाही म्हण म्हणून खुणावत होते. मी म्हणाले, “थांबवलं असतं. सुधारणा येईपर्यंत. जिन्यात पडलेल्या मुलीसाठी. पण का थांबवलं, कुणी सांगितलं म्हणून थांबवलं, हे सगळ्यांना दिसेल असं लिहिलं असतं.” तू तेव्हा मान खाली घातलीस. तुला राग आला असेल. तरी मी ते शब्द मागे घेणार नाही.

निकाल तुला माहीतच आहे. पोच खरी निघाली. सुधारलेलं ‘नाक’ आठवड्यात परत ठेवायचं, आणि फोनवर कुणी आणि कुठल्या अधिकारात सांगितलं ते कंपनीने लेखी द्यायचं. त्यावर त्यांचे वकील म्हणाले, तो आदेश शोधणं चालू आहे. मागच्या बाकावर कुणीतरी मोठ्याने हसलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये तू वकिलांशी बोलत होतीस, तेव्हा शिंप्याची बायको माझ्याकडे आली. मी ओळखलं नाही, तिनेच सांगितलं. मला वाटलं, आता ही माझ्या तोंडात मारणार. तिने विचारलं, “घंटा वाजली असती तर हे दुकान सोडून निघाले असते का हो?”

मी म्हणाले, “मला माहीत नाही.”

“मलाही नाही,” ती म्हणाली. “हातातलं काम टाकून उठायची सवय नव्हती त्यांना. पण वाजायला हवी होती.”

मी हात जोडले. ती ते न बघताच गेली.

मला आता काही मागायचं नाही. तू बरी राहा, घशाचं औषध घेत जा.

वहिनी

४ जून, गुरुवार

वहिनी,

तुझी चारही पत्रं मिळाली. तिसरं कोर्टात जमा आहे, बाकीची माझ्या खणात. उत्तर दिलं नाही कारण शिव्यांखेरीज काही सुचत नव्हतं आणि त्या लिहून पाठवायच्या तर टपाल हशील कशाला भरायचं. मी तुला माफ केलंय असं समजू नकोस. सव्वादहा ते पावणेअकरा हा अर्धा तास माझ्या डोक्यातून जात नाही, आणि त्यात तू उभी असतेस.

पण एक गोष्ट घडलीय, ती तुलाच सांगायची आहे. दादाला सांगितली तर तो लिफ्टवर आणेल.

‘नाक’ परत सुरू झालं. कॉम्प्युटरवाल्याला दुसरीकडे नोकरी लागली, म्हणून आता लोकांच्या नोंदी तपासायचं काम माझ्याकडे आहे. मागच्या आठवड्यात ड्रायक्लीनिंगचा दुकानदार दवाखान्यात आला. ‘नाक’च्या नकाशावर त्याच्या दुकानापाशी आठवडाभरात सगळ्यांना दिसतील अशा अकरा नोंदी पडल्या होत्या, ‘रसायनाचा वास’. गिऱ्हाईक बंद झालं म्हणाला. समोरच्या दुकानदाराने माणसं बसवून हे करवलंय म्हणाला. पन्नाशीचा माणूस माझ्यासमोर ढसाढसा रडला. बाहेर सतरा पेशंट थांबले होते. मी मोबाइल काढला आणि अकराच्या अकरा नोंदी पुसून टाकल्या. तपासायला गेले नाही. कुणाला विचारलं नाही. दोन मिनिटंही लागली नाहीत, आणि मला फार चांगलं काहीतरी केल्यासारखं वाटलं.

सोमवारी तपासणीला एक मुलगी आली. वीस-एकवीसची असेल. त्या दुकानाच्या वरच्या खोलीत राहते. नळीत फुंकायला लावलं, तर काटा अर्ध्यावरही गेला नाही. मी विचारलं, वास येतो का गं घरात?

म्हणाली, “रोज येतो. मी चार वेळा तुमच्या ‘नाक’वर टाकलं, ताई. कुणीतरी काढून टाकलं.”

माझ्या हातात तिचा कागद होता. मला सहज म्हणता आलं असतं, बघते हं, कुणी काढलं ते. जिभेवर आलं होतं, वहिनी. अगदी टोकावर.

मी म्हणाले, “मी काढलं.”

 ती म्हणाली, “का?” मी तिच्यासमोरच मोबाइल काढला.

नोंदी परत घातल्या. दुकानात जाऊन आले, मागच्या खोलीला खिडकीच नाही, उघडे डबे तसेच पडलेत. त्याला आठ दिवसांची मुदत दिलीय. तो आता मला शिव्या घालत फिरतोय, आणि त्याचं समोरच्या दुकानदाराबद्दलचं म्हणणंही थोडंफार खरं निघालं: अकरातल्या तीन नोंदी त्या समोरच्याच्याच घरच्या होत्या.

आता सांग, कुठली ठेवायची आणि कुठली काढायची, हे ठरवायचं कसं? तीन रात्री बसले मी नियम लिहायला. पहिल्या ओळीच्या पुढे जात नाही. मला कळलंय ते एवढंच, की हे काम मला येत नाही आणि तुला येतं. तुला ते किती वाईट करता येतं, हेही मी जाणते, म्हणून मी शेजारी बसणार.

या रविवारी दहाला ये. आधी भांडू, मग लिहायला बसू.

बारकी